पहिली हळद सुईला

मला सुईचं कौतुक कुणी सांगू नये. मी शिवणकाम करते. दहिवलीत आमच्या ओटीवर माझं मशीन आहे आणि आळीतल्या निम्म्या बायकांची मापं मला तोंडपाठ आहेत. सुई मोडली की मी कर्जतच्या बाजारात जाते, सोळा नंबर मागते, पुडी पर्समध्ये टाकते आणि येताना मेथीची जुडी घेऊन येते. सुई या विषयावर याहून जास्त बोलण्यासारखं काही असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मग आमच्या ह्यांनी टर्नटेबलची सुई बदलायला काढली.

हे म्हणजे दशरथ. खोपोलीच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. रिटायर होऊन घरी आले तेव्हा लोकांनी विचारलं, आता काय करणार? हे म्हणाले, गाणी ऐकणार. मी म्हटलं, चांगलं आहे, निदान पत्ते तरी कुटणार नाहीत. ज्या बंगल्याची वायरिंगची कामं हे करायचे त्याचा मालक बंगला विकून निघाला आणि जाताना आपलं टर्नटेबल, म्हणजे तबकड्या वाजवायचं यंत्र, ह्यांना देऊन गेला. आता वाटतं, पत्ते परवडले असते.

या यंत्राच्या हाताला टोकाशी पेराएवढी एक डबी असते, तिला कार्ट्रिज म्हणतात. डबीच्या पोटाखाली सुई. सुई तबकडीच्या रेघेतून जाताना थरथरते, डबी त्या थरथरीची वीज करते आणि तिकडं स्पीकर गातो. हे मला ह्यांनी इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

पण या यंत्राला घरात मान मिळाला तो सासूबाईंमुळे. सासूबाईंचं नाव सोनुबाई. त्या धवलारीण. आमच्याकडं लग्नाला भटजी उशिरा आला तर चालतं, धवलारीण आली नाही तर हळद अडते. ती धवले, ही लग्नातली गाणी, म्हणते तेव्हा उखळाला, मुसळाला, जात्याला आणि मग नवरीला हळद लागते. धवलारीण पुढं ओळ उचलते, मागच्या बायका झील धरतात, म्हणजे तीच ओळ फिरून म्हणतात. आणि हे सगळं सुरू होण्याआधी पहिलं बोट लागतं ते धवलारणीच्याच कपाळाला. गाणारीला हळद लावल्याशिवाय गाणं उचलायचं नाही, अशी रीत आहे.

हे लहान होते तेव्हा मुंबईच्या कुठल्याशा कंपनीची माणसं मोटार घेऊन पोशीरला आली होती. शाळेच्या भिंतींना गाद्या टेकवून त्यांनी आसपासच्या गावांतल्या बायकांचे धवले रेकॉर्ड केले आणि त्याची एक लहान तबकडी काढली. कव्हरवर नऊवारीतल्या बाईचं चित्र आणि खाली छापलेलं, ‘सोनुबाई आणि मंडळी’. ती कंपनी पुढं बुडाली. पण ते कव्हर आमच्या घरात देवांच्या फोटोंच्या ओळीत लागलं, आणि गणपतीच्या खालोखाल त्याची धूळ पुसली जाते. कुणाचंही लग्न निघालं की सासूबाई ऐकवणार, ‘माजा आवाज तबकडीत गेला तवा तुमच्या गावात वीज बी नवती.’

आता त्यांनी ऐंशी ओलांडली. नजर इतकी शाबूत की चष्म्याशिवाय माझ्या मशीनच्या सुईत दोरा ओवून देतात, तोही एका दमात. पण गळ्याच्या दुखण्यानंतर गाणं बंद झालं. बोलणं तेवढं राहिलं. आम्हाला उलट चाललं असतं.

आमच्या हर्षलाचं लग्न ठरलं, खालापूरचं स्थळ, तेव्हा सासूबाईंनी पाटावर बसूनच जाहीर केलं, ‘माज्या नातीच्या हळदीला दुसरी धवलारीण उबी ऱ्हानार नाय. माजाच धवला वाजंल. तबकडीतला.’

ह्यांना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी त्याच संध्याकाळी तबकडी लावली. आत खरखर, त्यामागं बायकांचा एक गोळा झालेला आवाज. ‘पयली हळद उखळाला’ झालं. ‘दुसरी हळद मुसळाला’ झालं. आणि ‘तिसरी हळद’वर सुई अडली. तिसरी हळद, तिसरी हळद, तिसरी हळद. पुढं जाईना. गेल्या दिवाळीपासून ती तिथंच अडत होती.

‘बाबा, अशानं हळद माझ्यापर्यंत पोचायचीच नाय,’ हर्षला म्हणाली.

‘सुई झिजली,’ हे म्हणाले. ‘नवी कार्ट्रिज घ्यायला लागंल. चांगल्यातली. आईचा आवाज कसा लख्ख यायला पायजे.’

‘काय नको,’ सासूबाई म्हणाल्या. ‘हाय ती काय वाईट हाय? बोटानं जरा ढकलायची, जाते पुढं.’

सासूबाई खर्चाला घाबरतात असं आम्हाला वाटलं. म्हाताऱ्या माणसाचं मन किती मोठं, असंही हे मला म्हणाले.

मग शोध सुरू झाला. हर्षलाचं स्थळ आम्ही दोन बैठकींत ठरवलं. मुलगा पाहिला, घर पाहिलं, सुपारी फोडली. कार्ट्रिजला मात्र ह्यांनी सगळी चौकशी लावली. खानदान कुठलं, घडण कशी, स्वभाव कसा. मोबाईलवर जगभरच्या रिकाम्या माणसांचा एक ग्रुप आहे, तिथं हे मत विचारायचे. कुणी लिहायचं, हिचा आवाज उबदार. कुणी लिहायचं, चमकदार. एकानं ‘जरा ओला’ असं लिहिलं होतं. मी म्हटलं, उन्हात घाला म्हणावं.

पहिलं स्थळ आणलं जितेशनं. जितेश ह्यांचा मित्र, खोपोलीला मांडव आणि लाउडस्पीकर भाड्यानं देतो. त्याची कार्ट्रिज डीजे लोकांची, अंगापिंडानं दणकट. ‘दशरथदादा, हिच्यासमोर पन्नास पोरं नाचू दे, जागची हलनार नाय.’

‘अरं, पण दाब किती देते ती,’ हे म्हणाले. ‘आईची तबकडी नांगरून निघंल.’

दुसरं स्थळ फार मोठ्या घरचं होतं. पण ती आली असती तर आमचा अॅम्प्लिफायर तिला चालला नसता, मागून आणखी एक पेटी घ्यावी लागली असती. मी सांगितलं, अशा मागण्या करणारी सून आपल्याला नको. तिसरी सगळ्या बाजूंनी चांगली होती, पण पत्रिका जुळेना. तिची सुई फार मवाळ आणि आमच्या यंत्राचा हात जड, दोघांचा संसार धड झाला नसता. हे दोन दिवस उदास होते.

चौथी पसंत पडली. रात्री जेवताना ह्यांनी तिचे गुण सांगितले. आपली जुनी सुई गोल टोकाची, ती रेघेत वरवर चालते आणि वरचीच जागा घासत बसते. ही नवी बारीक धारेची. ती रेघेत पार खाली उतरते, जिथं आजवर कुठली सुई गेलीच नाही. ‘तितला आवाज अजून कोरा असतो,’ हे म्हणाले. ‘जसा त्या दिवशी शाळेत लागला तसाच्या तसा.’

सासूबाईंनी भाकरीचा घास ताटात ठेवला. ‘कशाला रं उगाच एवढं खोल जायचं,’ त्या म्हणाल्या.

किंमत मी विचारली नाही आणि ह्यांनी सांगितली नाही. संसार असाच टिकतो.

कुरिअर आलं. सासऱ्यांच्या अस्थी आणल्या तेव्हाही ह्यांनी दोन्ही हात इतके जपून धरले नव्हते. चार बारीक तारा चिमट्यानं जोडल्या, दोन स्क्रू आवळले आणि मग अडलं. सुईचा तबकडीवर दाब बरोबर दोन ग्रॅम हवा. कमी पडला तर सुई उडते, जास्त झाला तर रेघ खरवडते. तो मोजायचा काटा मागवायचा राहिला होता.

‘ग्रॅम कर्जतात कोन मोजतं?’ हे म्हणाले.

‘सोनार,’ मी म्हटलं. हे मी चिडून म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी स्कूटरच्या मागच्या सीटवर, मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं टर्नटेबल घेऊन, कर्जतच्या बाजारपेठेतून निघाले होते. ओळखीच्या बायका विचारत होत्या, काय आणलंस गं? सोनाराच्या दुकानात गर्दी, लग्नसराई ना. आम्ही गोधडी सोडली तसे तो आणि त्याची गिऱ्हाइकं सगळी पुढं सरकली.

‘मोडायचंय?’ सोनारानं विचारलं.

‘नाय, तोलायचंय,’ हे म्हणाले. तबकडी ठेवायचं ताट काढून त्यांनी सोनाराचा छोटा काटा यंत्रात ठेवला आणि त्यावर हळूच सुई टेकवली. आकडा वर गेला, खाली आला. हे मागचं वजन केसाएवढं फिरवत होते. दुकानात कुणी श्वास घेत नव्हतं. दोन ग्रॅमला काटा थांबला तेव्हा मंगळसूत्र घ्यायला आलेल्या एका बाईनं सुटकेचा निःश्वास टाकला.

‘घडणावळ काय लावू?’ सोनार म्हणाला. पण त्यानं चहा पाजला.

दुपारी घरी यंत्र जागेवर बसलं. जितेश मुद्दाम आला होता. सासूबाई ओटीच्या दाराशी तांदूळ निवडत होत्या. मी मशीनवर हर्षलाच्या ब्लाउजची बाही लावत होते. ह्यांनी हात उचलला, सुई टेकवली.

खरखर नव्हतीच. आधी कुठंतरी लांब कोंबडा आरवला, त्या दिवशीचा, पोशीरचा. मग बांगड्या वाजल्या. मग आवाज लागला. भरलेला, मोकळा, शेताच्या या बांधावरून त्या बांधापर्यंत सरळ जाणारा बाईचा आवाज. ‘पयली हळद उखळाला.’ आणि ओळ संपताना त्या बाईनं श्वास आत ओढला, चुलीवरचं गरम भांडं उचलताना ओढतात तसा.

माझा पाय मशीनच्या पायडलवर थांबला. तो श्वास मी ओळखत होते. ती हिरूआत्या होती.

हिरूआत्या म्हणजे सासूबाईंची धाकटी नणंद, ह्यांची आत्या, पोशीरला दिलेली. तीही धवलारीण. पोशीरकडच्या लग्नांत मी तिला ऐकलं होतं. तबकडीत ओळ उचलणारा आवाज सगळा तिचाच होता आणि मागं दोन-तीन बायका झील धरत होत्या.

‘तिसरी हळद’ आली आणि सुई लोण्यातून गेल्यासारखी पुढं गेली. हळद नवरीला पोचली. ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ‘ऐकलंस जितेश? बांगड्या ऐकल्यास? आईचा आवाज बघ कसा समोर उबा हाय.’

आत्याच्या आवाजात आणि आईच्या आवाजात फरक न कळणाऱ्या माणसाला बांगड्यांचा नंबर ऐकू येत होता. मी सासूबाईंकडं पाहिलं. त्या तांदळातला खडा शोधत होत्या. तांदूळ केव्हाच निवडून झाले होते.

जितेशला सोडायला हे स्टँडवर गेले तशी मी खाली बसले.

‘आई, तो आवाज हिरूआत्याचा हाय.’

‘तुला काय कळतंय त्यातलं.’ मग म्हणाल्या, ‘कशावरनं?’

‘ओळ संपली की ती श्वास ओढते.’

सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं. ‘मीच उचलनार व्हते. सगळं ठरलेलं. पर त्या मान्सानं बोट वर केलं, तांबडा दिवा लागला, आन् माजं तोंड सुकलं. एवढ्या लग्नांत गायले, कदी असं झालं नवतं. सगळ्या बाया माज्याकडं बगतायत. हिरूनं उचललं. तिनं उचललं नसतं तर ती मान्सं तशीच माघारी गेली असती.’

‘मग नाव तुमचं कसं?’

‘शेवटाला त्यांनी नाव इचारलं. हिरूच म्हनली, वैनीचं ल्हिवा, ती मोटी हाय. मी नको म्हनायला पायजे व्हतं. पर म्हनले नाय. पुढं ती कदी बोलली नाय, म्हून मी बी बोलले नाय.’

एवढी वर्षं ज्या कव्हरची धूळ मी पुसली, त्या कव्हरसाठी मला राग यायला हवा होता. आधी हसू आलं. मग त्यांनी निवडलेल्या तांदळाचं सूप पुन्हा पुढं ओढलं, आणि मला फार वाईट वाटलं.

‘हळदीला ती येनार,’ सासूबाई म्हणाल्या. ‘तिच्या सुना येनार, नातवंडं येनार. तिचाच आवाज तिला ऐकवू, आन् मी पाटावर बसून मान घेऊ? जुन्या सुईत बरं व्हतं गं. सगळं एकात एक. वनिते, तू त्याला सांग, जुनीच बसव म्हनावं.’

‘मग खरं सांगून टाका.’

‘मेले तरी नाय,’ त्या म्हणाल्या.

म्हणून संध्याकाळी चहा देताना मी ह्यांना म्हटलं, ‘अहो, मला जुनीच बरी वाटत होती. जुनीत कसा गोडवा होता. ही जरा टोचते कानाला.’

माझी चूक झाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांनी माझ्याकडं असं कधी पाहिलं नव्हतं. ‘वनिता,’ हे म्हणाले, ‘तुला कान हाय.’ मग मला बाजूला बसवून त्यांनी उबदार म्हणजे काय आणि चमकदार म्हणजे काय ते सांगितलं. माझं मत ग्रुपवर टाकलं. बेल्जियममधल्या कुणा माणसानं लिहिलं की मॅडमशी मी सहमत आहे. भाजी करपली. शेवटी हे म्हणाले, तुझं म्हणणं पटतं, पण जुनी सुई तबकडी खाते, आईचा आवाज मी तिच्या तोंडी देणार नाही. मी सासूबाईंना डोळ्यानं नाही म्हणून सांगितलं.

त्या दिवसापासून त्यांची भाकरी अर्ध्यावर आली. हळद जवळ आली तशी घरात सगळे आनंदात, आणि ही बाई फाशीचा दिवस आल्यासारखी. विचारलं की म्हणायच्या, ऊन लागलं.

हळदीच्या दिवशी अंगणात मांडव पडला. उखळ-मुसळाला आंब्याचे डहाळे बांधले. जितेशनं मांडवाच्या चारी खांबांना स्पीकर लावले. टर्नटेबल ओटीवर, टेबलावर, खाली चार गोधड्यांची चवड, म्हणजे कुणी पाय आपटला तरी सुई उडायला नको. पोरांना त्या बाजूला फिरकायला बंदी होती. पोशीरची माणसं टेंपोनं आली. हिरूआत्या उतरली, वाळकी, ताठ, हिरव्या लुगड्यात. तिनं सासूबाईंच्या पाया पडून त्यांची विचारपूस केली. सासूबाईंनी तिच्याकडं धड पाहिलं नाही.

हर्षला पाटावर बसली. बायका जमल्या. ह्यांनी माईक घेतला आणि कार्ट्रिजविषयी दोन शब्द बोलायला लागले. जितेशनं माईक काढून घेतला. ह्यांनी तबकडी ठेवली, सुईचं झाकण काढलं आणि आईकडं पाहिलं.

सासूबाई हळदीची वाटी घेऊन उठल्या. उखळाकडं जायच्या ऐवजी ओटीची पायरी चढल्या.

‘आई, इकडं नाय,’ हे म्हणाले.

‘पयलं बोट गानारीला लावायची रीत हाय का नाय?’ सासूबाई मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाल्या. ‘आज गानारी कोन? ही. मग हिला नको?’

रीतच ती. मांडवातल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. ह्यांना वाटलं, डबीला टिळा लावतील, पुसता येईल. सासूबाईंनी अनामिकेवर भरपूर ओली हळद घेतली, वाकल्या, बोट डबीच्या खालून नेलं आणि सुईच्या टोकाला, तान्ह्या पोराच्या कपाळाला लावावी तशी अलगद, पण नेमकी लावली.

हे खिळ्यावर पाय पडलेल्या माणसासारखे एका पायावर उभे राहिले.

‘काय झालं रं? मला काय दिसत नाय आता डोळ्यानं,’ सासूबाई म्हणाल्या. आदल्याच दिवशी त्यांनी माझ्या मशीनमध्ये काळ्या कापडासाठी काळा दोरा ओवला होता. मी तोंडावर पदर घेतला.

ह्यांनी तरी आशा सोडली नाही. सुई तबकडीवर टेकवली. चारी खांबांवरून पिठलं रटरटल्यासारखा आवाज आला. जितेशनं धावत जाऊन आवाज बंद केला.

बायका एकमेकींकडं पाहायला लागल्या. धवल्याशिवाय हळद लावायची कशी? दुसरी धवलारीण बोलावलेलीच नव्हती, हिरूआत्याही पाहुणी म्हणूनच आली होती. सासूबाई वाटी घेऊन पायरीवर उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता. पण मग त्यांची नजर पाटावरच्या नातीकडं गेली आणि तो भाव गेला. स्वतःची लाज राखायला त्यांनी पोरीची हळद अडवली होती, हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं.

हिरूआत्या उठली. पायरीपाशी आली, सासूबाईंच्या हातातल्या वाटीत बोट बुडवलं आणि त्यांच्या कपाळाला हळद लावली.

‘वैनी, तू उचल,’ ती म्हणाली. ‘मी झील धरते. दरवेळंसारखी.’

दरवेळंसारखी. मांडवभर ऐकू गेलं. तिच्या सुनांनी ऐकलं, खालापूरच्या पाहुण्यांनी ऐकलं. एवढ्या वर्षांनीही ती बाई खोटं जसंच्या तसं सांभाळून हातात देत होती.

सासूबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, पुन्हा तोंड सुकलं. पण तसं नव्हतं. त्यांनी बोटावर हळद घेतली आणि हिरूआत्याच्या कपाळाला लावली.

‘नाय,’ त्या म्हणाल्या. ‘तू उचल. त्या तबकडीत पुढं तूच हायस. मी मागं हाय.’

‘म्हणजे?’ हे म्हणाले. सगळ्या मांडवात हे एकटेच बोलले.

‘म्हंजे तुज्या आयेनं तुला फशिवलं रं,’ सासूबाई म्हणाल्या. ‘पुढचा आवाज हिरूचा. माजं निस्तं नाव.’

पोशीरच्या एका सुनेनं ‘अगं बाई’ म्हटलं. हिरूआत्या खाली पाहत राहिली. तेवढ्यात पाटावरून हर्षला म्हणाली, ‘कुणीतरी उचला गं. माझी मांडी दुखायला लागली.’

हिरूआत्यानं उचललं. आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता, मधेच फाटत होता, पण श्वास तसाच. सासूबाईंनी झील धरली. गळ्याच्या दुखण्यानंतर पहिल्यांदाच. सूर कमी, घरघर जास्त, पण त्यांनी एकही ओळ सोडली नाही. मागून आम्ही सगळ्याजणी. उखळाला हळद लागली, मुसळाला लागली, नवरीला लागली.

जेवणं उरकेपर्यंत हे ओटीवर पाठ करून बसले होते. मला वाटलं, रागावले. जवळ गेले तर स्पिरिट आणि बारीक ब्रश घेऊन, मागून पुढं, मागून पुढं, सुई साफ करत होते. ‘वाकली नाय,’ मला म्हणाले. ‘आईचा हात हलका हाय.’ मग मान वर करून, ‘वनिता, तुला ठाऊक व्हतं?’

‘मला कान हाय,’ मी म्हटलं.

सासूबाईंनी हाक मारली. ‘जमलं का रं? मग लाव. ऐकू दे सगळ्यांना.’ त्यांनी हिरूआत्याला हाताला धरून टेबलाजवळ आणलं, नातवंडं भोवती बसवली. पुसून घेतलेली तबकडी फिरली. कोंबडा आरवला.

‘हा बघा, हा हिरूचा,’ सासूबाई बोट दाखवून पोरांना सांगत होत्या, जणू आवाज हवेत दिसत होता. ‘आता थांबा. जरा थांबा. हा. हा मागचा, बारका. हा माजा.’

मी कान दिला. पुढच्या भरल्या आवाजाच्या मागं एक पातळ, कोवळा आवाज होता, ओळ सुरू झाल्यावर किंचित नंतर येणारा. जुन्या सुईनं तो कधी दाखवलाच नव्हता. कव्हरवर त्यांचं नाव होतं, पण त्या स्वतः तबकडीत आहेत हे आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ह्यांनी आवाज थोडा वाढवला.

‘वैनी,’ हिरूआत्या म्हणाली, ‘झील उशिरा धरलीस गं.’

‘तोंड सुकलेलं व्हतं ना,’ सासूबाई म्हणाल्या.